मी ठेवलेलं नाव

आमच्यात मुलाचं नाव आत्याने ठेवायचं असतं. म्हणजे ठरवतात सगळे, वाद घालतात सगळे, पण पाळण्यात वाकून कानात सांगायचं काम आत्याचं. माझ्या भाचीच्या वेळी नाव ठरवलंही मीच आणि सांगितलंही मीच. त्यामुळे पुढे जे झालं त्यात दोष द्यायला मला दुसरं कुणी सापडत नाही, आणि याचीच मला सगळ्यात जास्त चिडचिड होते.

तेव्हा मी गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. छपाईला जाण्याआधी मजकूर वाचून त्यातल्या चुका काढायच्या, एवढंच काम. लग्नपत्रिका, शाळांचे अहवाल, पतपेढ्यांची पत्रकं, क्वचित एखादं पुस्तक. सासर दादरला, माहेर लालबागला. माहेरी चाळीतल्या दोन खोल्यांत आई, धाकटा भाऊ आणि वहिनी. वडील गिरणीत होते, ते आधीच गेलेले. भाऊ लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत मेकॅनिक.

भाऊ-वहिनीला लग्नानंतर सात वर्षांनी मुलगी झाली. गुरुजींनी पत्रिका पाहून 'न' अक्षर काढून दिलं आणि घरात रणकंदन सुरू झालं. आईला तिच्या आईचं नर्मदा हे नाव हवं होतं. वहिनीला नेहा आवडत होतं. नेहा तेव्हा आमच्या चाळीत मजल्यामागे एक होती. भाऊ म्हणाला, "ताई, तूच काढ बाबा काहीतरी. दिवसभर शब्दच तपासत असतेस."

योगायोग असा की त्या आठवड्यात माझ्या टेबलावर शाळकरी मुलांसाठीचा एक छोटा शब्दकोश होता आणि पानं 'न'ची चालली होती. नियम, निरभ्र, निरोप, निर्झर. मग निर्भय. 'भय नसलेला, न भिणारा.' माझी पेन्सिल तिथेच थांबली. मी स्वतः फार भित्री मुलगी होते. चाळीच्या टोकाला सामायिक संडास होते, तिथे संध्याकाळी जायचं तर धाकट्या भावाला सोबत न्यायची. तो बाहेर उभा राहून शिट्टी वाजवत राहायचा, म्हणजे तो तिथेच आहे हे मला आत कळावं. शिट्टी थांबली की मी आतून ओरडायची. मोठी झाल्यावरही ती भीती गेली नाही, फक्त जागा बदलत गेली. वरिष्ठांसमोर तोंड उघडायची भीती, रस्त्यात कुणी मागून चालत आलं तर त्याची भीती. त्या पानावर मला वाटलं, या मुलीला आपण असं नाव देऊ की ते उच्चारतानाच तिची मान ताठ होईल.

बारशाला आई शेवटपर्यंत कुरकुरत होती. "ह्या कसला गो नाव? माझ्या जिभेर येवचा नाय." मी पाळण्यात वाकले, बायका माझ्या पाठीत धपाधप मारायला लागल्या, आणि त्या गोंधळात मी त्या इवल्याशा कानात म्हटलं, "निर्भया." आईने आपला शब्द खरा केला. शेवटपर्यंत तिने ते नाव घेतलं नाही. ती नातीला मालवणीत 'चेडवा', म्हणजे पोरी, म्हणूनच हाक मारायची.

मुलगी अगदी माझ्यावर गेली. कुकरच्या शिट्टीला घाबरायची, पालीला घाबरायची, गणपतीत रस्त्यावर ताशा वाजायला लागला की वहिनीच्या पदरात तोंड खुपसायची. तरी आपल्या नावाचा तिला भारी अभिमान होता. शाळेत पहिल्याच आठवड्यात बाईंनी नावाचा अर्थ विचारला आणि हिने उभं राहून सांगितलं, "मी कोणाला भीत नाही, असा." वर्ग हसला. बाईंनी टाळ्या वाजवायला लावल्या. नाव लिहायला मीच शिकवलं. र्भ लिहिताना ती अडायची. "आत्या, हा र भ च्या डोक्यावर कशाला बसलाय?"

"तो कोणाला भीत नाही म्हणून."

हे तिला इतकं पटलं की पुढे कितीतरी दिवस ती रफार एवढा मोठा काढायची, की वरच्या ओळीतल्या अक्षरांना तो टोचायचा.

ती पाचवीत होती, थंडीचे दिवस होते. दिल्लीत बसमध्ये एका मुलीवर जे झालं ते सगळ्या देशाला ठाऊक आहे, मी ते इथे पुन्हा लिहीत नाही. अशा प्रसंगात मुलीचं खरं नाव छापायचं नाही असा कायदा आहे, आणि तो योग्यच आहे. म्हणून वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी तिला वेगवेगळी नावं दिली. त्यातलं एक टिकलं.

सुरुवातीला मी ते बातमीत वाचलं आणि पान उलटलं. एवढी भयंकर गोष्ट घडलेली असताना आपण नावाचं काय घेऊन बसायचं, असं वाटलं. मग ती मुलगी गेली. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी छापखान्यात एका मंडळाचा कार्यकर्ता आला. त्यांना मूक मोर्चासाठी पत्रकं आणि एक मोठा फलक हवा होता. मजकूर त्याने स्वतःच टाईप करून आणला होता. खाली मेणबत्तीचं चित्र आणि वर बोटाएवढ्या जाड अक्षरांत 'निर्भयाला भावपूर्ण श्रध्दांजली'.

मी तो कागद समोर ओढला आणि ती ओळ पेन्सिलीने अक्षर-अक्षर वाचली. माझी भाची त्या वेळी लालबागच्या शाळेत बसून गणितं सोडवत होती. कार्यकर्ता घाईत होता.

"ताई, चूक आहे का काही?"

"श्रद्धांजलीतला द्ध चुकलाय. द ला ध जोडायचा, ध ला द नाही."

"ते करून टाका. आणि नाव बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे," मी म्हटलं, आणि नेहमीप्रमाणे कोपऱ्यात सही करून कागद पुढे पाठवला.

त्या संध्याकाळी दादरला घरी न जाता मी सरळ लालबागला गेले. वहिनीने दार उघडलं तेव्हाच तिच्या चेहऱ्यावरून कळलं की इथे आधीच सगळं झालंय. भाची कॉटवर पाय मुडपून बसली होती. शाळेत हजेरी घेताना बाई तिच्या नावापाशी अडखळल्या होत्या आणि पुढे तिला नंबरानेच बोलावू लागल्या होत्या. बाकी सगळ्यांना नावाने, हिला 'रोल नंबर एकोणतीस'. बाईंचा हेतू चांगलाच असणार. पण मधल्या सुट्टीत एका मुलाने येऊन विचारलं होतं, "तुझ्याबरोबर काय झालं गं?"

मी तिच्याजवळ बसले. ती म्हणाली, "आत्या, ती मुलगी मेली ना?"

"हो."

"तिचं खरं नाव काय होतं?"

"ते सांगत नाहीत. तिला आणि तिच्या घरच्यांना त्रास होऊ नये म्हणून."

तिने पाय आणखी जवळ ओढले. मग म्हणाली, "मग माझं का घेतलं?"

त्या दिल्लीच्या मुलीवर माझा राग कधीच नव्हता, तो कसा असेल? तिच्याकडून तर सगळंच घेतलं होतं, नावसुद्धा. पण रागाला कुठेतरी जायचं असतं. मी आतल्या खोलीत गेले आणि भावाच्या टीव्हीचा प्लग ओढून काढला.

त्या रविवारी भाऊ आणि वहिनी दोघं दादरला आमच्याकडे आले. भावाने चौकशी करून ठेवली होती. प्रतिज्ञापत्र करायचं, चर्नी रोडला गॅझेटसाठी अर्ज द्यायचा, नाव बदलून मिळतं. मुलगी लहान आहे, शाळेच्या दाखल्यात एकदाच बदल करावा लागेल, पुढे काही राहत नाही. नवीन नावही वहिनीने ठरवलं होतं. नेहा.

मी विरोध केला. नुसता विरोध नाही, मी व्याख्यान दिलं. शब्द आपला आहे, त्या नराधमांमुळे आपण तो का टाकायचा? त्या मुलीला हे नाव दिलं ते तिच्या धैर्यासाठी, मग त्यात लाज कसली? आज आपण नाव बदललं तर उद्या ही मुलगी काय शिकेल? आणि सगळ्यात शेवटी, मोठ्या जाणकारपणे, "लोकांची आठवण फार छोटी असते रे. सहा महिन्यांत विसरतील सगळे. छापखान्यात आयुष्य गेलंय माझं, मला माहितीये."

वहिनी सहसा माझ्यासमोर बोलत नसे. त्या दिवशी बोलली. "ताई, तुम्ही शब्दाचा विचार करताय. मी हिचा करतेय."

मी म्हटलं, "मी पण हिचाच करतेय."

ते खोटं होतं असं नाही. पण पूर्ण खरंही नव्हतं. मला माझं नाव, म्हणजे मी ठेवलेलं नाव, राखायचं होतं. भाऊ लहानपणापासून माझं ऐकत आला. त्याने अर्जाचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि तो विषय तिथेच संपला. वहिनी चहा न घेता उठली.

सहा महिन्यांत लोक विसरले नाहीत. शब्द तेवढा वाढत गेला. आधी तो एका मुलीचा होता, मग सगळ्याच अशा मुलींचा झाला. कुठेही काही घडलं की मथळा यायचा, आणखी एक निर्भया. अमुक गावची निर्भया, तमुक शहरातली निर्भया. शाळेत विशेषनाम आणि सामान्यनाम यांतला फरक शिकवतात. विशेषनामाला अनेकवचन नसतं, असं आम्ही घोकलं होतं. इथे तर माझ्या टेबलावर आलेल्या एका लेखाचं शीर्षकच होतं, 'अशा किती निर्भया?' मी लेखकाला फोन करून म्हटलं, शीर्षक बदलता येईल का? तो म्हणाला, "का हो, व्याकरणात चूक आहे का?" मी म्हटलं, नाही. मग त्याने विचारलं, "मग?" आणि मी फोन ठेवला.

पुढे पोलिसांच्या गाड्यांवर तो शब्द आला. निर्भया पथक. चांगल्या कामासाठीच्या गाड्या, त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण परळच्या नाक्यावर ती गाडी उभी दिसली की माझी भाची फुटपाथ बदलायची, कारण बरोबरच्या मैत्रिणींपैकी कुणीतरी हमखास म्हणायचंच, "ए, तुझी गाडी आली बघ."

दहावीचा फॉर्म भरताना वहिनीने पुन्हा विषय काढला होता, हे मला नंतर कळलं. तेव्हा भाचीनेच नको म्हटलं. "आत्याला वाईट वाटेल," असं म्हणाली म्हणे. पंधरा वर्षांची मुलगी माझं मन राखत होती, आणि मला पत्ताच नव्हता. मला वाटत होतं, बघा, मुलगी कशी खंबीर आहे, नाव कसं अभिमानाने वागवतेय.

माटुंग्याच्या कॉलेजात तिने नवीन ओळखी करताना स्वतःचं नाव नीरू सांगायला सुरुवात केली. एकदा तिची मैत्रीण घरी आली आणि "नीरू आहे का?" म्हणाली, तेव्हा आई म्हणाली, "हय कोण नीरू नाय." आईला वाटलं, शेजारच्या दारात जायचं असेल.

मग ती दादरची गोष्ट घडली. भाची वीस वर्षांची होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी फूलबाजारात गेलो होतो. झेंडू घेतला, आपट्याची पानं घेतली, आणि गर्दीतून बाहेर पडल्यावर तिच्या लक्षात आलं की बॅगेची चेन उघडी आहे. मोबाईल गेला होता. त्याच नंबरचं नवीन सिमकार्ड घ्यायला तक्रारीचा कागद लागतो, म्हणून आम्ही पोलीस चौकीत गेलो. तिथल्या हवालदाराने वही पुढे ओढली.

"नाव?"

"निर्भया," ती म्हणाली. कागदपत्रावरचं नाव सांगावं लागतं, तिथे नीरू चालत नाही.

त्याचं पेन थांबलं. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. उठून स्वतःची खुर्ची पुढे केली. "बसा तुम्ही, बसा. घाबरू नका." आणि आत वळून हाक मारली, "मॅडम, जरा बाहेर या."

आतून एक महिला पोलीस आली. तिने आम्हाला आतल्या खोलीत नेलं, दार लावून घेतलं, भाचीच्या हातात पाण्याचा ग्लास दिला आणि शेजारी बसून तिच्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं, किती सुधारलेत हे लोक, एका मोबाईलसाठी एवढी विचारपूस!

"बाळा, खरं नाव नाही सांगितलंस तरी चालेल. सावकाश सांग. कधी झालं?"

"आत्ताच. अर्धा तास झाला असेल."

"ओळखीतला होता का कोणी?"

"माहीत नाही. मागून आला. गर्दी होती, मला कळलंच नाही."

"एकटाच होता?"

भाचीचा चेहरा बदलला. तिला माझ्या आधी समजलं. मला समजलं तेव्हा मी जवळजवळ ओरडलेच, "अहो, मोबाईल! मोबाईल चोरीला गेलाय तिचा!"

त्या बाईंनी आधी आमच्या दोघींच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग इतका मोठा श्वास सोडला की समोरचा कागद हलला. मग त्या हसल्या. भाचीही हसली, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मला हसू आलं नाही.

"मग खरं नाव सांग की गं," बाई म्हणाल्या.

"हेच खरं आहे." तिने आधार कार्ड काढून दाखवलं.

बाईंनी ते वाचलं, उलटसुलट करून पाहिलं. "आईवडिलांनी काय बघून ठेवलं हे नाव?"

"त्यांनी नाही ठेवलं," भाची म्हणाली. आणि माझ्याकडे न बघता कार्ड परत बॅगेत ठेवलं.

तक्रारीचा कागद मिळाला. झेंडूच्या पिशव्या घेऊन आम्ही बाहेर आलो. मी तोंडाचा पट्टा सुरू केला, या लोकांना काही पोच नाही, नाव ऐकलं की लगेच निष्कर्ष काढतात. तिने मला थांबवलं.

"आत्या, ती बाई चांगली होती गं. तिने काय चूक केली? पाणी दिलं, दार लावलं, नीट विचारलं. तसं काही झालं असतं ना, तर मला तीच बाई हवी होती."

"तरी पण..."

"कोणीच काही चूक करत नाही. शाळेतल्या बाईंनीपण नाही केली. तोच तर प्रॉब्लेम आहे ना. भांडू कोणाशी मी?"

रस्ता ओलांडताना मी नेहमीसारखा तिचा हात धरला, तर तिने पिशवी दुसऱ्या हातात घेण्याच्या निमित्ताने तो सोडवून घेतला.

त्यानंतर ती शिकून एक्स-रे काढणारी तंत्रज्ञ झाली आणि परळमधल्या एका रुग्णालयात लागली. मधल्या काळात आई गेली, मी छापखान्यातून निवृत्त झाले. नोकरीत तिला छातीवर नावाची पाटी लावावी लागे. आता विचार करा, एक्स-रेच्या खोलीत माणूस एकटा असतो, अंगावरचे कपडे काढून पातळ झगा घातलेला, आधीच बावरलेला. त्याला समोर ही पाटी दिसते. बायका ती वाचून एकदम गप्प व्हायच्या. एका म्हातारीने छातीचा फोटो काढून झाल्यावर हिच्याच डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "सांभाळून ऱ्हा गो बाय. देव आसा." एका गृहस्थांनी तर बायकोला आत पाठवण्याआधी विचारलं, इथे असं काही घडलंय का? ती पाटी उलटी करून लावायला लागली. मग वरिष्ठांनी विचारलं, पाटी उलटी का? मग त्यांनीच सुचवलं, आपण पाटीवर दुसरं काहीतरी लिहू या का?

हे सगळं ती मला सांगत नव्हती. वहिनी सांगायची, तेही मी खोदून विचारल्यावर, आणि सांगून झालं की थोडा वेळ माझ्याकडे बघत राहायची. इतक्या वर्षांत ती एकदाही 'मी म्हटलं होतं' असं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मागच्या वर्षी एका दुपारी भाची दादरला आली. हातात अर्ज होता. "आत्या, हे जरा तपासून दे. शुद्धलेखन."

मी चष्मा लावला. नावात बदल करण्याबाबतचा अर्ज. जुने नाव, नवीन नाव. नवीन नावापुढे लिहिलं होतं, नीरा.

मी सगळ्यात फालतू गोष्ट बोलले. "अगं, नीरा म्हणजे ताडामाडाचा रस. स्टेशनबाहेर स्टॉलवर मिळतो तो."

"माहितीये. गोड असतो."

"लोक हसतील."

"हसू देत ना. हसलेलं चालेल मला."

अर्जात एक रकाना होता, बदलाचे कारण. तो तिने कोरा ठेवला होता. "इथे काय लिहू ते तू सांग," ती म्हणाली. मी कागद ओढून घेतला आणि कच्चं लिहायला बसले. लिहीत गेले ते लिहीतच गेले. की हा शब्द या मुलीला चांगल्या अर्थाने दिला होता, की तो नंतर सर्वांनी मिळून दुसऱ्याच कामाला लावला, की त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता तरी एका दहा वर्षांच्या मुलीला कुणी विचारलं नाही, की जी भीती तिच्या नावात नव्हती ती लोकांच्या डोळ्यांतून रोज तिच्याकडे आली. पान भरलं. उलटून मागे लिहायला लागले.

तिने खांद्यावरून वाकून वाचलं. मग माझ्या हातातलं पेन अलगद काढून घेतलं आणि अर्जाच्या रकान्यात एकच शब्द लिहिला. 'सोयीसाठी.'

"सोय?" मी म्हटलं. "ही सोय आहे?"

"आत्या, तू हे आज एकदा लिहितेस. मी अकरा-बारा वर्षं हेच सांगत फिरतेय, प्रत्येकाला, पहिल्यापासून. मला कंटाळा आलाय गं. रागपण नाही उरला आता, नुसता कंटाळा."

तिच्या आवाजात खरंच राग नव्हता. राग सगळा माझ्याकडे राहिला. दहाव्या वर्षी एका दाखल्यात बदल करून जे झालं असतं त्यासाठी आता दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पदविका, बँक, पॅन, सगळीकडे पळापळ करावी लागणार होती. मी तसं बोलून दाखवलं. म्हटलं, तेव्हाच बदलायला हवं होतं, मीच आडवी आले.

"हो, आलीस," ती म्हणाली. साधं, सरळ. मग म्हणाली, "सोयीसाठी बरोबर लिहिलंय ना? पहिली की दुसरी वेलांटी?"

"'सोयी' दीर्घ," मी म्हटलं. "बरोबर आहे."

नाव बदललं. तिच्या रुग्णालयात केक कापला म्हणे. मला बोलावलं होतं, गुडघा दुखतोय सांगून मी गेले नाही. गुडघा खरोखर दुखतच होता. पुढच्याच महिन्यात डॉक्टरांनी त्याचा एक्स-रे काढायला सांगितला आणि मी तिच्याच रुग्णालयात गेले. तिला आधी कळवलं नाही, उगाच कामात व्यत्यय नको. खिडकीवर एक मुलगी बसली होती. माझ्या तोंडातून सवयीने जुनंच नाव गेलं. "निर्भया आहे का ड्युटीवर?"

तिने कॉम्प्युटरवर पाहिलं. "या नावाचं इथे कोणी नाही, आजी."

"असं कसं? एक्स-रेला आहे ती."

"एक्स-रेला नीरा मॅडम आहेत. त्या हव्यात का?"

मी हो म्हटलं. तिने चिठ्ठी दिली, मी बाकावर जाऊन बसले. थोड्या वेळाने आतलं दार उघडलं आणि भाची यादी हातात घेऊन बाहेर आली. तिने माझं नाव आडनावासकट वाचलं, मान वर केली आणि मला पाहून एकदम हसली. पाटी सुलटी लावलेली होती. "तू? फोन नाही का करायचा?" मग आवाज लगेच कामाचा झाला. "ये आत. बांगड्या राहू देत, फक्त पाय सरळ ठेवायचाय. आणि मी सांगेपर्यंत हलायचं नाही."

मी टेबलावर पाय सरळ करून पडले. ती काचेमागे गेली. तिथून तिचा आवाज आला, "हललीस तू, आत्या. पुन्हा घ्यावा लागेल."